डावीकडून तिसरी

जुलैतली रात्र होती. दुपारपासून लागलेल्या पावसाला उसंत नव्हती, वीज गेलेली, पंखा थांबलेला आणि फोनमध्ये अर्धीच बॅटरी उरलेली. झोप येईना म्हणून काहीबाही चाळत होतो, तर एक जुना हिंदी सिनेमा समोर आला. १९८४ साली म्हापशात मॅटिनीला पाहिलेला. नाइट क्लब, तिथे नाचणाऱ्या मुली, तळघरातून चालणारी सोन्याची तस्करी, एकामागून एक होणारे खून आणि वेष पालटून आलेला इन्स्पेक्टर. गल्लाभरू म्हणतात त्या जातीचा. तासाभराने त्यात एक कॅबरे येतो. मुख्य नर्तकी लाल जिन्यावरून उतरते, तिच्या मागे चौघीजणी. त्यांतल्या डावीकडून तिसरीच्या चमकीच्या पोशाखाची खांद्यावरची पट्टी एका गिरकीत सुटते. बाकी तिघींचे दोन्ही हात वर जातात, हिचा एकच. दुसऱ्या हाताचं कोपर तिने बरगडीशी घट्ट दाबून धरलेलं असतं. पाय मात्र एकदाही चुकत नाहीत. मग क्षणभर ती सरळ कॅमेऱ्याकडे बघते. कोणीतरी 'कट' म्हणेल, अशा आशेने बघावं तशी. कोणी म्हणत नाही. नाच चालू राहतो.

तो तुकडा मी त्या रात्री सात-आठ वेळा मागे नेऊन पाहिला.

'कट' का म्हटलं नसेल, ते कळण्यासारखं आहे. त्या काळी रंगीत कच्ची फिल्म बाहेरून यायची. ईस्टमन परवडली नाही की पूर्व जर्मनीची ओर्वो घ्यायची, आणि तीही हात राखून वापरायची. मागच्या रांगेतल्या एका मुलीची पट्टी सुटली म्हणून फिल्म फुकट घालवणारा निर्माता असले सिनेमे काढायच्या फंदात पडला नसता. सेट दुसऱ्याच कोणत्या तरी सिनेमाचा, मोडायच्या आधी दोन दिवस भाड्याने घेतल्यासारखा. व्हिस्कीच्या ग्लासांत चहा आहे हे रंगावरून कळतं. 'गोवा' म्हणून दाखवलेला किनारा आमचा नाही, हे तर खडक बघूनच मी सांगू शकतो. पण याच दारिद्र्यामुळे ती मुलगी तिथे राहिली. मोठ्या पैशाच्या सिनेमात तो शॉट पुन्हा घेतला असता, पट्टी टाचली असती, चौघींचे आठही हात एकदम वर गेले असते आणि त्यांतली एकही मला दिसली नसती. मी शेवटी नामावली बघितली. फाइट मास्टरचं नाव आहे. विगवाल्याचं आहे. स्थिरचित्रण कोणाचं, रसायनशाळा कोणती, तेही आहे. त्या चौघींचं नाही.

१९८४ साली मी पंधरा वर्षांचा होतो आणि सिनेमा 'फक्त प्रौढांसाठी' होता. डोअरकीपर आम्हाला ओळखायचा, वडलांनाही ओळखायचा, तरी सोडायचा. त्या थिएटरचा वास अजून माझ्या नाकात आहे. ओल्या छत्र्या, विडी, कागदाच्या पुडीतले खारे चणे आणि पावसाळ्यात पुठ्ठ्याच्या छताला धरलेली बुरशी. प्रिंट इतकी जुनी की निळा आणि हिरवा कधीच उडून गेलेला, सगळं जग गुलाबी-किरमिजी झालेलं. समुद्र गुलाबी, पोलिसाची जीप गुलाबी, रक्त आणि सरबत एकाच रंगाचं. रीळ तुटलं की शिट्ट्या, जोडलं की टाळ्या. आणि कॅबरे सुरू झाला की पुढच्या बाकांवरून पडद्यावर नाणी फेकायचे. पडद्यावर आपटून ती खाली सिमेंटवर वाजायची. तो आवाज गाण्याच्या ठेक्यात कधीच बसायचा नाही. बोटीवरून सुटीवर आलेली माणसं, शुक्रवारच्या बाजाराला पेडण्या-डिचोलीहून आलेली माणसं, खाणीवरचे ट्रकवाले आणि आम्ही पाठीला दप्तर लावलेले चौघे. त्या अंधारात सगळे एकाच वयाचे होऊन जात.

नाव मात्र मुख्य नर्तकीला होतं. सिनेमातलं नाव. तस्करांचा म्होरक्या हातात ग्लास फिरवत तिला त्या नावाने हाक मारायचा आणि पुढे 'डार्लिंग' जोडायचा. आता मागे वळून बघतो तेव्हा कळतं की असल्या सिनेमांत तिचं नाव सहसा ख्रिस्तांवच असायचं. नायिकेचं नाव देवीचं, नदीचं किंवा फुलाचं. जी दारू ओतते, पाय दाखवते, सिगारेट पेटवते आणि शेवटून दुसऱ्या रिळात नायकाच्या वाट्याची गोळी स्वतःच्या छातीवर घेते, तिच्या गळ्यात क्रूस आणि नाव आमच्या वाड्यावरच्या एखाद्या घरातलं. ज्या अंगाच्या पोस्टरवर तिकिटं विकायची, त्याच अंगाला शेवटी नीतीच्या नावाने गोळी घालायची. हे मला त्या वयात सुचणं शक्य नव्हतं. तेव्हा मला एवढंच कळलं की पडद्यावरचं ते नाव आमच्या शेजारणीचं आहे. शेजारी बसलेल्या मित्राला ते माझ्या आधी कळलं. तो हसला, त्याने मला कोपरखळी मारली, आणि मीही हसलो.

शेजारीण म्हणजे भिंतीला भिंत लागून असलेल्या घरातली. आम्ही तिला मावशी म्हणायचो. ती तेव्हा पस्तिशीची असेल. बलकांवावर, म्हणजे घरापुढच्या बसायच्या ओट्यावर, तिचं शिवणाचं मशीन मांडलेलं असायचं आणि दुपारभर त्याचा आवाज आमच्या ओसरीवर ऐकू यायचा. माझ्या आईची पोलकी तीच शिवायची, बहिणींचे शाळेचे फ्रॉकही, आणि तियात्राचा, म्हणजे कोंकणी नाटकांचा, मोसम आला की चमकीचे, लेसचे, भडक सॅटिनचे पोशाख तिच्या दोरीवर वाळत असायचे. चवथीला आमच्याकडून नेवऱ्या तिकडे जायच्या, नाताळला तिच्याकडून दोदोल आणि बेबिंक इकडे यायचं. माझ्या मुंजीचा सदरा तिने शिवला आणि पैसे घेतले नाहीत. सिनेमा बघून आम्ही चौघे गल्लीत शिरलो तेव्हा ती मशीनवर वाकलेली होती. मान वर करून तिने नेहमीसारखं विचारलं, ''पुता, खंय गेल्लो?'' मी काही म्हणायच्या आत मागून एकाने तिचं नाव घेतलं आणि पुढे त्या म्होरक्याच्या आवाजात 'डार्लिंग' म्हटलं. बाकीचे दोघे शिट्टी मारून पळाले.

मी पळालो नाही. पण बोललोही नाही.

मशीनचं चाक थांबलं आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू झालं. पुढे दोन-तीन महिने गल्लीतली पोरं ती हाक मारत राहिली. मग दुसरा सिनेमा आला, दुसरं नाव आलं. मावशीने आईकडे तक्रार केली नाही. माझ्याशी बोलणं बंद केलं नाही. फक्त त्या पावसाळ्यानंतर 'खंय गेल्लो' हा प्रश्न तिने मला विचारला नाही, आणि हे माझ्या लक्षात यायलाही मला बरीच वर्षं लागली.

मावशीच्या घरात भिंतीवर तिच्या वडलांचा एक फोटो होता. पांढरा कोट, बो टाय, हातात ट्रंपेट. मुंबईला गेले तेव्हा ते धोबीतलावच्या कुडात राहायचे. गावागावांचे असे कूड तिथे होते आणि नोकरीच्या शोधात आलेल्या गोंयकाराला तिथे खाट आणि पेटी ठेवायला जागा मिळायची. गावच्या चर्चच्या शाळेत स्वरलिपी वाचायला शिकलेली ही मुलं मुंबईच्या हॉटेलांत आणि क्लबांत वाजवायला लागली. १९४९चा दारूबंदी कायदा आला, क्लबांची रात्र आटली, तसे त्यांतले कितीतरी सिनेमाच्या स्टुडिओंकडे वळले. आमच्या हाकेवर असलेल्या हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ तिकडे चिक चॉकलेट झाला आणि सी. रामचंद्रांच्या गाण्यांत त्याचं ट्रंपेट वाजलं. सेबास्टियन डिसोझांनी शंकर-जयकिशनच्या चालींभोवती वाद्यमेळ उभा केला. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस प्यारेलालचे व्हायोलिनचे गुरू. शिष्याने १९७७ साली एका गाण्यात गुरूचं नाव घातलं आणि देशभर लोक ते नाव नाचत गाऊ लागले, पण असा माणूस खरंच आहे हे त्यांतल्या किती जणांना ठाऊक होतं! मावशीचे वडील यांच्या पंगतीतले नव्हते. रोजावर जाऊन वाजवणारे होते. कोणत्या गाण्यात वाजवलं ते त्यांना स्वतःलाही कधीकधी माहीत नसायचं, असं मावशी सांगायची. सकाळी कागद समोर यायचा, दुपारी पाकीट मिळायचं, सिनेमाचं नाव कधी कळायचं, कधी नाही.

म्हणजे ज्या कॅबरेवर आम्ही शिट्ट्या मारल्या, त्यातलं ट्रंपेट कदाचित आमच्याच भिंतीपलीकडचं होतं. त्याच्या मुलीचं नाव पडद्यावरच्या बाईला लावलेलं, आणि त्याचं स्वतःचं कुठेच नाही.

त्या सिनेमाच्या रात्री जेवताना मी घरात काहीतरी बोललो. 'नाचणारीण' असा शब्द मी वापरला, आणि त्या वयाची मुलं वापरतात त्या सुरात वापरला. आजी वाढत होती. ती फोंड्याकडच्या अंत्रुज महालातली, आवाज कधी न चढवणारी. तिने हातातली डाव परत पातेल्यात ठेवली आणि म्हणाली, ''तुझ्या खापरपणजीच्या पायांत चाळ होते.'' बाकी कोणी काही बोललं नाही. वडील ताटाकडे बघत राहिले. खूप नंतर, आजी अंथरुणाला खिळली तेव्हा, मी तिला त्या बाईबद्दल विचारलं. देवळात पालखीपुढे गायची, नाचायची, एवढं ती सांगू शकली. पायांना भेगा पडायच्या म्हणून रात्री कोकमाचं तेल चोळायची, हेही सांगितलं. नाव विचारलं तर म्हणाली, ''थोरली म्हणायचे.'' थोरली हे काही नाव नव्हे. पण पुढच्या पिढ्यांनी दुकानं काढली, शाळा शिकल्या, नोकऱ्या धरल्या, आणि जुनं घर सोडताना चाळांबरोबर ते नावही तिथेच ठेवून आल्या. त्यांना मी दोष देत नाही. ज्या समाजात 'कलावंतीण' हा शब्द तोंडावर फेकून मारला जायचा, तिथे विसरणं हीच मुलाबाळांची सोय होती. केरीच्या केसरबाई आणि कुर्डीच्या मोगूबाई एवढ्या मोठ्या झाल्या की त्यांची गावंसुद्धा त्यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. केसरबाईंचा आवाज तर १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर सूर्यमालेबाहेर जायला निघाला. थोरलीचं नाव अंत्रुजातून म्हापशापर्यंतही आलं नाही.

कधीकधी मागच्या रांगेतून कोणी पुढे येतंही. हेलनबद्दल मला म्हणूनच फार वाटतं. युद्धात ब्रह्मदेशातून आईबरोबर पायी चालत आसामात पोचलेली ती मुलगी, कक्कू नावाच्या नर्तकीने ओळखीवर समूहनृत्यात उभी केली. १९५१च्या सुमारास ती मागे नाचणाऱ्यांतलीच एक होती, १९५८ साली पुढे आली, आणि मग वीसेक वर्षं तिच्याशिवाय क्लबचं दृश्य पुरं होईना. पण जिने तिला रांगेत आणलं ती कक्कू १९८१ साली कर्करोगाने गेली, हातात काहीही न उरता. आणि हेलनच्या शेजारी ज्या नाचत होत्या त्या? चांगल्या चेहऱ्याच्या, ठेका न चुकणाऱ्या, सकाळच्या लोकलने येऊन रात्रीच्या लोकलने परतणाऱ्या? त्या सिनेमात खुनानंतरचं एक लहानसं दृश्य आहे. रंगवायच्या खोलीत मुली एका डब्यातून जेवतायत. संवाद नाही, तो पुढच्या खोलीत चाललाय. त्या नुसत्या जेवतायत. एक दुसरीच्या भाकरीचा तुकडा मोडून घेते आणि लोणच्याला लावते. हे कोणी लिहिलेलं नसणार. जेवणाच्या सुटीत कॅमेरा चालू ठेवला असेल. डावीकडून तिसरी त्यात आहे, अंगावर साधा परकर आणि खांद्यावर टॉवेल. खाऊन झाल्यावर ती बोट चाटते. अख्ख्या सिनेमात इतकं खरं दुसरं काही नाही.

हे सगळं डोक्यात घोळत असताना वर्ष सरत आलं, आणि डिसेंबर २०२५मध्ये हडफड्याच्या एका नाइट क्लबला आग लागली. माझ्या घरापासून ते ठिकाण लांब नाही. २५ माणसं गेली. सकाळी फोन उघडला तर व्हिडिओ आलेला: मंचावर एक नर्तकी नाचतेय आणि तिच्या डोक्यावर छताला ज्वाळा लागल्यात. दिवसभर तोच व्हिडिओ निरनिराळ्या गटांतून येत राहिला. काही लोक तिच्या कपड्यांवर बोलत होते. अशा दिवशी. मरण पावलेल्यांत पर्यटक थोडे, बहुतेक तिथेच राबणारे होते. कितीतरी जण खाली स्वयंपाकघराच्या बाजूला धुरात अडकलेले. झारखंडचे, आसामचे, उत्तराखंडचे, नेपाळचे. वर्तमानपत्रात नावांची यादी आली ती मी वाचायला घेतली. सातव्या-आठव्या नावापाशी मला दिसलं की माझी नजर ओळी गाळत खाली चाललीय. मी पुन्हा वरून सुरुवात केली आणि एकेक नाव ओठ हलवून वाचलं. पोरवयातला तो अंधार, ती नाणी, ती हाक, सगळं त्या सकाळी स्वयंपाकघरात माझ्याभोवती उभं राहिलं.

त्या नाताळात मी मावशीकडे गेलो. ती अजून त्याच घरात राहते, म्हणून तिचं नाव लिहीत नाही. मुलं इंग्लंडात स्विंडनला असतात. बलकांवावर मशीन आहे, पण त्यावर आता कुंड्या ठेवल्यात. मोतीबिंदू काढल्यापासून बरं दिसतं म्हणाली. दोदोलची बशी पुढे केली. इकडचं तिकडचं झालं, माझ्या आईची आठवण झाली, आगीचा विषय निघाला आणि तिने कपाळावर, छातीवर क्रूस केला. मग मी फोन काढला आणि म्हटलं, एक जुनं गाणं दाखवतो. कॅबरे आहे हे सांगितलं. त्यातल्या बाईचं नाव तिचंच आहे, हे सांगणार होतो. ओठावर आलं होतं. गल्लीतली ती दुपार चाळीस वर्षं घशात घेऊन आलो होतो. पण तिने फोन हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, आणि मी गप्प बसलो.

तिने आधी डोळे मिटून ऐकलं. ट्रंपेटचा तुकडा आला तेव्हा बोटांनी गुडघ्यावर तीन पडदे दाबले. संपल्यावर मान हलवली. ''हो आमचो पाय न्हय,'' म्हणाली. हे आमचे वडील नव्हेत. फुंक वेगळी आहे, त्यांचा शेवटचा सूर थोडा थरथरायचा, हा सरळ येतो. मग डोळे उघडून तिने पहिल्यापासून पाहिलं. मुख्य नर्तकीकडे तिचं लक्षच नव्हतं. डावीकडून तिसरी मी दाखवायच्या आधीच तिने बोट ठेवलं. पट्टी कच्च्या टाक्यावर आहे, म्हणाली. एका रात्रीत पाच पोशाख शिवायचे म्हटलं की असंच होतं, शिवणारीला रागवून उपयोग नाही. पण आतून एक पिन लावायला हवी होती. ती मी नेहमी लावून द्यायची. तियात्राला माझा एकही पोशाख मंचावर सुटला नाही.

''नांव कितें तिचें?''

लिहिलेलं नाही, म्हणालो.

ती बराच वेळ काही बोलली नाही. बाहेर गोठ्याच्या रोषणाईतला तारा लुकलुकत होता, कोणाची तरी मुलं फटाका उडवून पळाली. मग ती म्हणाली, ''आनीक एक फावट लाय.'' मी लावलं. गिरकी आली, पट्टी सुटली, बाकीच्यांचे हात वर गेले. माझ्या शेजारी, खुर्चीत बसल्या बसल्या, मावशीने आपलं डावं कोपर हळूच अंगाशी घेतलं आणि गाणं संपेपर्यंत तसंच दाबून धरलं.